आबांच्या रंगातलं थिनर

मी माझ्या बापाला मारलं. कारखान्यात, भर दिवसा, सगळ्या पेंटरांसमोर. आधीच सांगून टाकते, कारण लोक आडून आडून विचारतात आणि मग माझं डोकं फिरतं.

जळगावच्या एमआयडीसीत आम्ही लोखंडाच्या मोठमोठ्या टाक्या बनवतो. त्यांना रंग मारणाऱ्यांत माझे आबा सगळ्यात जुने. मी डिप्लोमा करून तिथंच सुपरवायझर झाले. स्प्रेगनवर आबांचा हात इतका साफ की वाळलेल्या रंगावर बोट फिरवलं तर कुठं अडायचं नाही. पण छाती? श्वास घेतला की शिट्टी वाजायची. थिनरची वाफ बंद करा, नाहीतर फुप्फुसं जातील, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. आबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गन सोडी तं मरी जासू."

म्हणून कंपनीत कमी वाफेचा, पाण्यावरचा रंग आणायची गोष्ट निघाली तेव्हा मी त्याच्यासाठी जिवाच्या आकांतानं भांडले. मॅनेजरशी भांडले, स्टोअरवाल्याशी तर हमरीतुमरीवर आले. आबांच्या हातात स्प्रेगनही राहील आणि छातीत हवाही. बाकी पर्यावरण वगैरे मॅनेजर बोलायचा, मला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

रंग आला आणि पेंटरांची तोंडं वाकडी झाली. जुन्या रंगात हे लोक काडी बुडवायचे, वर उचलून धार बघायचे आणि नुसत्या नजरेनं थिनर ओतायचे. डब्यावर काय लिहिलंय ते वाचतो कोण! ज्याची नजर पक्की तो मोठा पेंटर, आणि आबांची नजर कधी चुकली नव्हती. नव्या रंगात फक्त मोजून पाणी घालायचं. आबांनी काडी बुडवली, धार बघितली आणि बाजूला थुंकले. "हाऊ रंग शे का ताक?"

पहिल्या टाकीला पाणी अंदाजानं ओतलं आणि रंग सुटला. हातभर पापुद्रे निघाले. दुसरीचाही तसाच सुटला. मॅनेजरनं मला केबिनमध्ये उभं करून सांगितलं, आणखी एक टाकी गेली तर म्हातारे पेंटर घरी. पाणी मोजूनच घाला म्हणून मी आबांना घरी जेवताना सांगितलं, मोटरसायकलवर मागं बसून सांगितलं, हात जोडले. ते हूं म्हणायचे.

तिसऱ्या टाकीच्या दिवशी मी टाकीमागं गेले तर आबा नव्या रंगात थिनरचा कॅन उपडा करत होते. दूध नासावं तसा रंग फुटला होता.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी कॅनला लाथ घातली. आबांनी माझा दंड धरून मला टाकीच्या पत्र्यावर आदळलं. "माले शिकाडू नको! तुना बाप शे मी!" आणि माझा हात सुटला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या थपडेला त्यांचा चष्मा उडाला, ओठ फुटला. वर माझी जीभ! "तुम्हाला काही येत नाही, आबा! काही म्हणजे काही येत नाही!"

सगळे पेंटर बघत होते. आबांनी चष्मा शोधला, गन हुकाला लावली आणि चालते झाले.

ते धुळ्याला आत्याकडे गेले, आणि सोनगीरजवळ हायवेवर ट्रकच्या बॉड्या रंगवायला लागले. तोच जुना रंग, तेच थिनर, तोंडाला नुसता रुमाल. महिन्याभरानं मी तिथं जाऊन धडकले. "चला घरी," म्हटलं. ते ऐकेनात. मी हवेचा पाइप उपसून फेकला. "मरताय तुम्ही, आबा! कळतंय का?" त्यांनी हातातला थिनरचा मग माझ्या तोंडावर भिरकावला.

डोळ्यांत निखारे पडले. मी किंचाळत खाली बसले. मग कुणीतरी माझे केस धरून मला फरफटत नेलं आणि डोकं नळाखाली दाबलं. आबाच होते. "डोया उघड! उघड म्हनस ना!" मी डोळे मिटले की डोक्यात टपली हाणायचे आणि बोटांनी पापण्या फाकवायचे. खोकल्यानं त्यांचं अंग इतकं हलत होतं की मीही हलत होते. मला दिसायला लागलं तेव्हा ते पुन्हा ट्रकपाशी गेले होते. मला घरी जा म्हणायलाही वळले नाहीत.

जळगावला आल्यावर मी उरलेल्या पेंटरांना खाली बसून शिकवलं. काडी त्यांनी धरली, पाणी मी मोजलं. धार कशी दिसते ते त्यांनाच विचारलं. आठवड्यात सगळ्यांना जमलं. आठवडा लागला फक्त! मी मेलीनं रंग वापरायचं ट्रेनिंग एसी हॉलमध्ये बसून घेतलं होतं, आणि बापाला नुसता डबा दिला होता.

आता आबा धुळ्यातल्या एका दवाखान्यात ऑक्सिजनवर आहेत. मी रजा टाकून आत्याकडे राहिलेय, रोज जाते, ते भिंतीकडे तोंड करतात. परवा नर्सनं त्यांना विचारलं, "आबा, या रोज येतात, कोण लागतात तुमच्या?"

आबांनी मास्क बाजूला केला. दम लागला, थांबले, आणि घरची बोली सोडून शुद्ध मराठीत म्हणाले, "कंपनीच्या मॅडम आहेत."