साडूंचं मानपत्र

जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे चाळून काढले, तरी स्वतःबद्दल एक बरा शब्द बोलता न येणारा माणूस एकच सापडेल, आणि तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा निघेल. आमच्याकडे वाढदिवसाच्या दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर कुणीही 'कार्यसम्राट' होतो. अशा मुलखात जन्मून साडूंनी एकोणीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्याचा कुठे बभ्रा होऊ दिला नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, काय करता, तर म्हणायचे, "कॉम्प्युटरचं थोडं बघतो." विचारणारा त्यांना प्रिंटरची शाई बदलायला घरी बोलवायचा. साडू जायचे आणि शाई बदलून यायचे.

त्यांनी उभं केलेलं काम बंद पडत नसे, हा त्यांच्या नोकरीतला सगळ्यात मोठा दोष. ज्यांचं बंद पडे त्यांची धावपळ साहेबांच्या डोळ्यांत भरे आणि बढती त्यांच्याकडे जाई. साडूंचं यावर एकच म्हणणं, "चाली ऱ्हायनं ना? मंग व्हई गयं." चालतंय ना, मग झालं. आई गुडघ्यांनी अधू, धुळं सोडायला तयार नाही, म्हणून ते तिच्याजवळ राहून पुण्याच्या कंपनीचं काम करत. एका सकाळी कंपनीने पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर त्यांचा अख्खा गट कमी केला. साडूंनी सगळ्यांचे आभार मानले आणि आईसाठी चहा टाकायला गेले. वय चव्वेचाळीस, आणि नोकरी हवी ती धुळ्यात बसून करता येईल अशीच.

मुलाखती घेणारी मुलं पंचविशीतली. ती पडद्यावर कोडं घालत आणि मनातला विचार बोलून दाखवा म्हणत. साडू विचार करताना बोलत नाहीत; देवापुढे बसल्यासारखे डोळे मिटतात. एकाला वाटलं चित्रच गोठलं, त्याने कॉल तोडला. दुसऱ्याने विचारलं, सर्वांत मोठी कामगिरी कोणती? साडू म्हणाले, "काही बिघडलं नाही." तुमच्यातले दोष कोणते, या प्रश्नाला मात्र त्यांनी अकरा मिनिटं दिली.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. बडेजावाची टिंगल हा माझा जुना जोडधंदा. पण इथे जळगावात मेहरूणच्या तलावावर फिरताना शेजाऱ्याने साडूंची चौकशी केली, तेव्हा मी "कन्सल्टन्सी करतात" असं म्हणून पाय उचलला. नोकरी त्यांची गेली होती, आणि लाज मला वाटत होती. त्या लाजेपोटीच मी त्यांचा रेझ्युमे लिहायला घेतला. एरवी गावातल्या सत्कारांची मानपत्रं मीच लिहितो. निवृत्त हेडक्लार्कला मी दीपस्तंभ केलेलं आहे. तोच हात इथे चालला, फक्त इंग्रजीत. साडूंनी एकदा जेवताना सांगितलं होतं, की त्यांच्या हाताखालच्या एका मुलीने कंपनीचा बंद पडलेला कारभार दोन दिवसांत बिघाड शोधून उभा केला. मी ती मुलगी गाळली आणि लिहिलं: एकहाती.

साडूंनी कागद वाचला आणि विचारलं, "भाऊ, हाऊ कोन शे?"

"तुम्हीच."

"हाऊ मी नही शे."

"तुम्ही कोण आहात हे आठ महिने सांगून पाहिलंत. आता हा पाठवा."

मला मोठ्या भावाचा मान देऊन त्यांनी तो पाठवला, आणि बोलावणं आलं. धुळ्यात नेट रुसलेलं, म्हणून शेवटच्या फेरीची मुलाखत आमच्याकडे जळगावला झाली. मी कोपऱ्यात पेपर धरून बसलो होतो. सगळं छान चाललं होतं. धुळ्यातून काम करायलाही त्या कंपनीची हरकत नव्हती. मग समोरच्या बाईंनी विचारलं, ते एकहाती प्रकरण जरा सांगा.

साडूंनी डोळे मिटले. उघडले आणि म्हणाले, "ते मी केलेलं नाही. माझ्या सहकारी मुलीने केलं. असं लिहायला नको होतं, चूक माझी आहे." मग त्यांनी त्या मुलीचं नाव सांगितलं, तीही सध्या घरीच आहे म्हणाले, आणि तिला जरूर बोलवा अशी गळ घातली. "हे मी लिहिलं" एवढंच मी म्हणायला हवं होतं. खुर्चीतून उठावंही लागलं नसतं. मी पेपरचं पान उलटलं.

नोकरी त्या मुलीला लागली. साडूंनी मला फोन करून सांगितलं ते असं, जणू घरातलं कुणी पास झालंय. त्या फोनवरही मी माफी मागितली नाही, अभिनंदन केलं.

मग दिवाळीत आम्ही धुळ्याला गेलो. साडूंची आई खाटेवर बसली होती. तिने उशीखालून घडी केलेला तो कागद काढला. पाठवण्याआधी साडूंनी तिला तो आमच्या खानदेशी बोलीत वाचून दाखवला होता, हे मला तिथे कळलं.

"सर, हाई बठ्ठं मना पोऱ्यानी करं?" तिने विचारलं. हे सगळं माझ्या पोराने केलं का. "माले त्यानी कधी सांगं नही. आते इचारं तं मुकामुका उठी जास." विचारलं की मुकाट्याने उठून जातो.

साडू दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. जगात एवढ्या एका माणसापाशी त्यांनी ते खोटं तसंच राहू दिलं होतं, आणि आता ते माझ्याकडे बघत नव्हते.

"खरं शे, अक्का," मी म्हणालो.

तिने कागद पुन्हा घडी करून ठेवला. साडूंनी तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि चहात साखर किती, एवढंच विचारलं. दुपारी तीनला त्यांची आणखी एक मुलाखत होती. आम्ही अडीचलाच निघालो.