चाकाचा आउट

सदर इसम: पुरुष, वय चौसष्ट, धंदा, जुन्या मोटरसायकलींना नव्या रिमा बसवून तारा आवळणे, दृष्टी, स्वतःच्या निवेदनानुसार, उत्तम.

बायको रोज दुकानात फिरत्या चाकासमोर बसे. रिम कुठे हलते, म्हणजे चाकाचा आउट, ते त्याला दिसत नसे, ती सांगे. हे बाहेर फुटलं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

"वहिनी इथे कशा?" गिऱ्हाइकं विचारत.

"घरी करमत नाही तिला."

"हो ना, यांचं तोंड बघितल्याशिवाय घास उतरत नाही," ती म्हणे आणि हळूच पुटपुटे, "डावी तार आवळा."

गेल्या आठवड्यात ती वारली. आज एक तरुण आपली गाडी न्यायला आला.

"आउट नीट काढलाय ना, काका?"

"डोळे मिटून चालव."

तरुण निघाला. पुढचं चाक डावीकडे हलत होतं.