बाबांची तिरंगी खुर्ची

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. घरी येणारी फिजिओथेरपीवाली दीदी पहिल्याच आठवड्यात सांगून गेली की रोज अर्धा तास तरी खुर्चीत बसवा, नुसते पडून राहिले तर पुढं उठायचे नाहीत. नेपियर टाउनच्या बाजारातून हातांची नवी खुर्ची आणली, तर तिच्यात ते एका बाजूला कलंडायचे. त्यांना नीट धरून ठेवील अशी घरात एकच खुर्ची होती, त्यांची स्वतःची, सागवानी, रुंद हातांची. तिचं पॉलिश पार उडालं होतं आणि तिच्याकडे बघून बाबा नुसते मान फिरवायचे.

मी शाळेत चित्रकला शिकवते. पंधरा ऑगस्टला भिंती, वर्गातले फळे, कुंड्या, सापडेल ते तिरंगी करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. बाबा इथल्या तोफांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि कॉलनीतला झेंडा संध्याकाळी उतरवून घडी घालायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच. मला वाटलं, तिरंगी केली तर हौसेनं बसतील. तीन दिवस अंगणात बसून रंगवली. पाठीला केशरी, पायांना हिरवा, बैठक पांढरी, आणि बैठकीच्या बरोब्बर मधोमध कंपास लावून चोवीस आऱ्यांचं निळं चक्र. अशी अक्कल देव कोणाला न देवो.

खुर्ची पलंगाशी आणली तेव्हा बाबांचे डोळे चमकले, खोटं कशाला सांगू. मग मी आणि आईनं त्यांना उठवायला हात घातला, तसं त्यांनी अंग घट्ट केलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले.

"झेंड्यावर बसू? काहून केलं बाई असं?"

करायला गेले गणपती, झाला मारुती. आईनं वरून चादर टाकून पाहिली, तर खाली काय आहे ते मले माहीत आहे, म्हणाले. मी पॉलिश पेपर आणला, तर झेंडा घासून काढू देईनात. वरून तपकिरी रंग मारते म्हटलं, त्यालाही मान हलवून नाही. दीदीनं समजावलं, अंकलजी, ये तो बस पेंट है. त्यांनी डोळे मिटून घेतले. खुर्ची पलंगाशी तशीच राहिली, आई तिच्यावरची धूळ हलक्या हातानं पुसायची. बाबांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या आणि दीदी बरं होण्याबद्दल बोलेनाशी झाली. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जन्माचा स्वभाव.

एका दुपारी माझं डोकं फिरलं. त्यांच्या डोळ्यांदेखत मी त्या चक्रावर धपकन बसले.

"बघा बाबा, काही होत नाही. तुमच्या जिवापेक्षा मोठं आहे का हे?"

बाबांची कूस बदलायला रोज मला आणि आईला दोघींना जोर लावावा लागे. त्या दुपारी डाव्या हातानं पलंगाची कड धरून ते एकटेच वळले, भिंतीकडे. त्यानंतर ते सतरा दिवस होते. पाणी आईच्या हातून घेत, माझ्या हातून एकदाही घेतलं नाही.