बोर्ड आतून पाहिलेले कलप्पामामा

कलप्पामामा भेटले की आधी समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघायचे आणि मग विचारायचे, "कुटली म्हनायची तुमी?" लग्न होऊन मी सोलापुरात आले त्या दिवशी, केसांत अजून अक्षता अडकलेल्या असताना, या गृहस्थांनी चारचौघांत माझी पापणी ओढली आणि जाहीर केलं, "रगत कमी हाय. पन चालंल." बाजारात म्हैस बघतात तसं. माझ्या नवऱ्याचे हे सख्खे मामा, म्हणून मी त्यांना जन्मभर अहो-जाहो केलं. मनातून एकदाही केलं नाही.

मामा फौजेतून परतलेले होते. तिथल्या इस्पितळात ते पट्ट्या बांधायचे की नुसती भांडी उचलायचे, हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पण आमच्या गल्लीत ते डॉक्टर होते. गल्ली सगळी मागवाल्यांची. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळे जो तो ओरडूनच बोलायचा आणि मामा सगळ्यांच्या वर ओरडायचे. एकदा शेजारच्या तेलुगू म्हातारीच्या गळवावर त्यांनी असला काही लेप थापला की ती बिचारी महिनाभर पालथी झोपली. कुणीतरी जाब विचारला, तर म्हणाले, "औशद बराबर हुतं. गळूच चुकीचं हुतं."

महिना सुरू झाला की इस्त्रीचा सदरा घालून ते पेन्शन आणायला निघायचे. येताना हातात पेढ्यांचा पुडा. दारोदारी एकेक पेढा ठेवत म्हणायचे, "सरकार खायाला घालतंय, खावा की!" माझ्या वाट्याचा पेढा मी गायीला घालायची.

माझे यजमान तोफखान्यात नाईक होते. एकाहत्तरच्या लढाईत तोफेच्या दणक्यानं त्यांचा उजवा कान गेला, डावाही अधू झाला. दोन-एक वर्षं त्यांनी ते झाकून नेलं. शेवटी वरच्यांच्या लक्षात आलं आणि पुण्याला मेडिकल बोर्डापुढे उभं राहायचा हुकूम निघाला. फौजेत ठेवायचं की घरी पाठवायचं, ते तिथले डॉक्टर ठरवणार. पेन्शनीला पंधरा वर्षं लागत आणि यांची भरायला दीड वर्ष राहिलेलं. त्याआधी घरी आले तर जन्माची पेन्शन बुडाली. गावाकडचं, वळसंगचं रान भावाभावांत वाटलं तर कोंबडीला उकरायला पुरलं नसतं, आणि पदरात दोन मुली.

बोर्डाआधी हे रजेवर आले आणि मामांना पर्वणी लागली.

"बोर्ड म्हंजे काय रं, बसू? आमी बोर्ड आतनं बगितलंय," मामा यांना म्हणाले. "डाक्टर तुला पाटमोरा हुबा करतो आन् मागनं पुटपुटतो. तू ऐकल्यालं सांगायचं. आदी अठावन, मग सोला, मग नब्बे. माज्या सगळ्या नोकरीत त्यात बदल न्हाय."

"आन् या बारीला बदललं तर?" मी विचारलं.

"पोरी, तू भाकरी थाप. फौजंत बदल व्हायाला वरनं हुकूम लागतो."

मी यांच्या डाव्या कानाशी ओरडून सांगितलं, "सरळ सांगा की, तोफेनं कान गेला म्हनून! चोरी केली न्हाई तुमी." हे नुसते हसले. मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही, ही त्यांच्या घरची शिकवण. माणूस मोठा असून दीडशहाणाही असू शकतो, एवढं कुणी शिकवलं नव्हतं.

मग रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू. हे भिंतीकडे तोंड करून उभे, मामा मागे. मामांचं पुटपुटणं यांना कुठलं ऐकू यायला? पण तंबाखूनं बसलेला घसा साफ केल्याशिवाय मामांना बोलता यायचं नाही, आणि त्यांचं ते खाकरणं मेलेल्याला उठवील असं. तेवढं यांच्या डाव्या कानात शिरायचं. मामा खाकरले की हे म्हणायचे, "अठावन!" पुन्हा खाकरले की "सोला!" मामा मांडीवर थाप मारायचे. "बग गौरा, कान सुदारला की!" मी परातीत पीठ आपटत बसायची.

पुण्याला काय झालं ते यांनी परत आल्यावर खाली मान घालून सांगितलं. खोलीत यांना पाठमोरं उभं केलं. डॉक्टरसाहेब अजून कोपऱ्यात हात धूत होते. दाराशी उभ्या शिपायाला खोकला आला. "अठावन!" हे कडाडले. शिपाई दचकला आणि पुन्हा खोकला. "सोला!" डॉक्टर हात पुसत पुढ्यात येऊन उभे राहिले. आता नब्बे तेवढं उरलं होतं. तेही यांनी त्यांच्या तोंडावर सांगून टाकलं.

डॉक्टर हसले नाहीत. डाव्या कानाशी वाकून त्यांनी सुनावलं, बहिरेपणाचं सोंग घेणारे रोज येतात, ऐकू येतंय असं सोंग घेणारा तूच पहिला. तोफेनं कान गेला एवढं बोलला असतास, तर बैठ्या कामावर दीड वर्ष काढू द्या म्हणून मी लिहिणार होतो. बोर्डाला बनवणाऱ्यासाठी मी शब्द कसा टाकू? यांना घरी पाठवलं. इतके दिवस लपवल्यामुळे कान लढाईत गेला, हेही कुणी धरलं नाही.

हे ऐकून मामांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता तरी माणसाला लाज वाटेल.

"मी खाकरल्यावर बोल म्हनालोतो," मामा म्हणाले. "कुनीबी खाकरल्यावर न्हवं."

आणि जेवून गेले. तीन भाकरी, शेंगाची चटणी सगळी संपवून.

दुसऱ्या दिवशी मी मामींपाशी जाऊन ढसाढसा रडले. मामींनीच डोक्याला हात लावला. "अय्यो शिवा! त्येंचं ऐकलासा व्हय? त्येंनाच बोर्डानं घरी धाडलंय. डोळ्याचं निमित्त. अक्षरांचा तक्ता पाट करून गेलते, तिकडं तक्ताच दुसरा लावलेला."

"मग पेन्शन?"

"कुटली पेन्शन, गौरा? थोरला मागावर राबतो. त्येच्या पगारातनं पेढे येत्यात."

म्हणजे बोर्ड आतून पाहिल्याचं खरंच होतं! स्वतः त्याच खड्ड्यात पडलेला माणूस दुसऱ्याला तीच वाट दाखवतो, आणि वर डॉक्टर म्हणवून घेतो. मी तशीच भांडायला निघाले होते. यांनी हात धरला. "म्हातारं मानूस हाय. बोलायचं न्हाय." नवऱ्याच्या शब्दाखातर गिळलं. नंतर हेही मागावर लागले. त्या खडखडाटात बहिऱ्याचं काही अडत नव्हतं.

आणीबाणी उठली त्या सुमाराला मामांचे कान पार गेले. पण कबूल करतील तर ते मामा कसले? कुणाचे ओठ हलले की ते ठरलेली उत्तरं द्यायचे, तीही ठरलेल्या क्रमानं: आधी तब्येत, मग जेवण, मग पोरंबाळं. गल्लीला वाटायचं, म्हातारा खडखडीत आहे. हे रोज संध्याकाळी त्यांची दाढी करून द्यायचे, मग दोघं कट्ट्यावर तासभर गप्पा मारायचे. कोण कुणाचं ऐकत होतं देव जाणे. मला ते बघवत नसे.

एका दुपारी मामा कट्ट्यावर एकटेच होते. मी समोर जाऊन बसले आणि इतकी वर्षं गिळलेलं एकदाचं बाहेर काढलं.

"मामा, तुमी आमच्या संसाराचं वाटोळं केलासा."

"बरा हाय की," मामा म्हणाले.

"तुमाला पेन्शन कदीच नव्हती. मला सगळं ठावं हाय."

"जेवलो की."

मला पुढे बोलवेना. रागानं नुसती बघत राहिले. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, हात लांब करून माझी पापणी ओढली, आत बघितलं आणि म्हणाले, "पोरं मजेत हायत की."

मी तर तोंड उघडलंच नव्हतं.