खंडेनवमीला बदललेलं कार्ड

आमच्या घरात हॉलला हॉल म्हणत नाहीत, ऑफिस म्हणतात. चऱ्होलीतल्या या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या जागी दोन टेबलं आहेत. मोठ्या कॉम्प्युटरवर माझा नवरा फिक्श्चरची डिझाइनं करायचा. फिक्श्चर म्हणजे वेल्डिंग करताना पत्र्याचे भाग जागच्या जागी घट्ट धरून ठेवणारी लोखंडी चौकट. छोट्या कॉम्प्युटरवर मी तिची ड्रॉइंग काढायचे आणि ती कुरुळीच्या वर्कशॉपांना जायची. हे इथल्याच जुन्या गावातले, शेतकऱ्याच्या घरातले, मी आकुर्डीची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांचं व्हय-न्हाई सुटलं नाही आणि माझी टोमणे मारायची खोड गेली नाही.

मागच्या पावसाळ्यात स्क्रीनवरचं मॉडेल अडखळायला लागलं. माउसनं फिक्श्चर फिरवायला जावं तर ते थांबत, झटके खात फिरायचं. हे बोल्ट पकडायला जायचे आणि शेजारची प्लेट हलायची. मग यांनी माउस बदलला. त्याच्याखालचं पॅड बदललं. मेमरी वाढवली. "आता टेबल बदला, नाहीतर बायको तरी बदला," मी म्हटलं. "टेबल बदलायला कोण न्हाई म्हणतंय," असं पुटपुटत हे पुन्हा स्क्रीनकडे वळले.

यांची उमेदीची वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. तिथल्या जुन्या मंडळींचा एक शिरस्ता होता: घडवायला घेतलेला जॉब बिघडला की आधी मशीन तपासायचं. स्पिंडल हलतोय का, बेअरिंग गेलंय का, बेल्ट सैल पडलाय का, सगळं बघून झाल्यावरच माणसाकडे वळायचं. कुणावर उगीच आळ येऊ नये म्हणून. मोठ्या मनाच्या माणसांची रीत होती ती, आणि मला ती आवडायची. तिच्याच जोरावर आम्ही दोघं त्या कॉम्प्युटरच्या मागे हात धुऊन लागलो. यांच्या हातातली कपबशी वाजते, शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दगदग फार झालीय, असं म्हणून मी दुसऱ्या कामाला लागायचे. आजार हा शब्द मनात येऊच द्यायचे नाही.

शेवटी नवा प्रोसेसर आणि नवं ग्राफिक्स कार्ड आणायचं ठरलं, तेही खंडेनवमीच्या मुहूर्तावर. त्या दिवशी आमच्या पट्ट्यात लेथपासून वजनकाट्यापर्यंत सगळी यंत्रं धुऊनपुसून पुजली जातात. दुकानदार म्हणाला, "काका, मी येऊन बसवून देतो." यांनी हात जोडले. "नगं. आमच्या वडलांनी पोळ्याला बैलाच्या अंगाला दुसऱ्याचा हात लागू दिला न्हाई. आमी आमचं बघू."

दुपारी जमिनीवर जुनी चादर अंथरून यांनी कॅबिनेट आडवं पाडलं. जुनं कार्ड काढलं, धूळ झटकली. नवा प्रोसेसर चिमटीत धरला आणि जागेवर नेता नेता हात थांबला. यांनी तो परत डबीत ठेवला, तळहात लुंगीला पुसला. "तूच ठेव. तुझी बोटं बारीक हायेत." मी ठेवला. जोर लावावा लागला नाही, आपसूक बसला. वरून गरमी ओढून घेणारी पेस्ट वाटाण्याएवढी लावली, पंखा बसवला. कार्ड मात्र यांनी स्वतः दोन्ही हातांनी दाबून बसवलं. दोन्ही हात एका कामाला लागले की हातांचं काही कळत नसे. कट् असा आवाज झाला, तसे हे माझ्याकडे बघून हसले. किती दिवसांनी हसले होते. मग हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला.

हे हात धुवायला गेले तेवढ्यात मी मोठं फिक्श्चर उघडून फिरवलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. मी आनंदानं ओरडले, "अहो, या, बघा तरी!"

हे आले, खुर्चीत बसले, माउस धरला. आणि ते अख्खं फिक्श्चर थरथरायला लागलं.

झटके नव्हते. बारीक, न थांबणारी थरथर होती ती, प्रत्येक क्लॅम्पची, प्रत्येक बोल्टची. जुनं कार्ड संथ होतं, इतकं बारीकसारीक दाखवायची त्याची ऐपत नव्हती. झटक्यांमध्ये सगळं खपून जायचं. नव्या कार्डानं काहीच झाकलं नाही. यांनी माउसवरचा हात उचलला. चित्र थांबलं. हात ठेवला. परत सुरू.

"सेटिंग राहिलं असेल काहीतरी," मी म्हटलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

"तू फिरव बरं."

मी माउस धरला. इतक्या हौसेनं आणलेली वस्तू बिघडलेली निघावी, असं आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. मी फिरवलं. ते पहिल्यासारखंच शांत, गुळगुळीत फिरलं.

पुढं डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, पण आम्हाला दोघांना कळलं ते तेव्हाच. मग हे उठले. आपला चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन माझ्या छोट्या टेबलाशी गेले, दोन्ही नीट ठेवली.

"आजपासनं तू हितं बस," म्हणाले. "मी सांगत जाईन."

मला रडू कोसळलं. तसे हे जवळ आले, पाठीवर थोपटायला हात पुढं केला आणि माझ्या पाठीला लागायच्या आत मागं घेतला.

मीच तो ओढून घेतला.