टाचणीचा सल्ला

चिखलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, कॉलेजचे प्रवेश, असलं सगळं. दुपारी सरकारी साइट हमखास बंद पडते. त्या रिकाम्या वेळात मी मोबाईल-कॉम्प्युटरवाल्यांच्या एका मराठी ग्रूपवर असायचे.

ग्रूप मोठा होता, पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंतची माणसं त्यात होती. कोणता फोन चांगला, लिनक्स बरं की विंडोज, असल्या गोष्टींवर दिवसदिवस भांडणं चालायची. शिवी कोणी देत नसे. द्यायचे ते टोमणे. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळायचं, पण आधी त्याची सालटं निघायची.

मी स्वतःच्या नावानं तिथं पहिला प्रश्न टाकला होता तो लॅपटॉपचा. लिनक्स टाकल्यापासून वायफाय येऊन नाही राह्यलं, असं मी लिहिलं. एकानं उत्तर दिलं, ‘येऊन नाही राह्यलं तर तुम्ही जाऊन राहा.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘ताई, पाककृतींचा ग्रूप शेजारी आहे.’ त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी ग्रूप सोडला. वायफायचं कोडं चार दिवस खपून माझं मीच सोडवलं, आणि महिनाभरानं परत आले ती पुरुषाच्या खोट्या नावानं, पेंग्विनचं चित्र लावून, अगदी पुस्तकी मराठी लिहीत.

मग मला कोणी ताई म्हटलं नाही. सगळे ‘सर’ म्हणू लागले. मला उत्तरं येत होती, आणि टोमणेही त्यांच्यापेक्षा चांगले येत होते. नवा कोणी भोळा प्रश्न घेऊन आला की लोक माझी वाट बघायचे. ‘सरांना येऊ द्या,’ म्हणायचे. मला ते आवडत होतं, हे कबूल करायला हवं.

त्या ग्रूपवर एक आजोबा होते. चित्राच्या जागी गुलाबाचं फूल. रोज सकाळी सुप्रभात टाकायचे, त्यावरून रोज कोणीतरी त्यांना चिमटा काढायचं, आणि त्याला ते ‘धन्यवाद सर’ असं उत्तर द्यायचे. आपली थट्टा चाललीय हे त्यांना कळत नाही, यावर आम्ही आणखी हसायचो.

एप्रिलमधल्या एका दुपारी त्यांचा प्रश्न आला. ‘नमस्कार सर. मोबाईल फुगला आहे. मांगचं झाकण वर आलं. बाकी चालू आहे. नात त्याच्यावर कार्टून पाह्यते. काय कराव?’

पहिलं उत्तर आलं, ‘अभिनंदन! कितवा महिना?’ दुसरं, ‘डोहाळजेवणाला बोलवा.’ मग कोणीतरी माझ्या खोट्या नावाला हाक मारली.

फुगलेली बॅटरी म्हणजे काय ते मला पक्कं माहीत होतं. फोन बंद करून घराबाहेर ठेवा, चार्जिंगला लावू नका, दुकानात नेऊन द्या, एवढं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी लिहिलं, ‘सोपं आहे काका. झाकण काढा, आत चांदीसारखी पिशवी दिसेल. तिला टाचणीनं बारीक भोक पाडा, हवा निघून जाईल. वरून इस्त्री फिरवली तर आणखी सपाट होईल.’

हसणारे चेहरे पावसासारखे पडले. तेवढ्यात साइट सुरू झाली. समोर प्रवेशाच्या फॉर्मसाठी बसलेल्या मुलीची आई म्हणाली, ‘मॅडम, चालू झालं पाहा.’ मी मोबाईल उलटा ठेवला आणि कामाला लागले.

दीड तासानं मोबाईल सरळ केला. माझ्या उत्तराखाली आजोबांचं उत्तर होतं. ‘धन्यवाद सर. टाचणी आहे घरी. करून पाह्यतो.’

त्यानंतर त्यांचं काहीच नव्हतं.

आधी वाटलं, या वेळी म्हाताऱ्यानंच आपली फिरकी घेतली. मग मी त्यांचे मागचे निरोप आठवले. त्या माणसानं कधी कोणाची फिरकी घेतली नव्हती. घाईघाईनं लिहिलं, ‘काका, ती गंमत होती. टाचणी लावू नका. आग लागते.’ ग्रूपवर लिहिलं, त्यांना वेगळंही पाठवलं. निरोप गेला, पण कोणी वाचल्याची खूण येईना.

ग्रूपवर एकानं बॅटरी फुटतानाचा व्हिडिओ टाकला. पिशवीला टोक लागतं, एक क्षण काही होत नाही, मग फस्सदिशी पांढरा धूर आणि त्यामागून ज्वाळा. खाली कोणीतरी लिहिलं, ‘काका थेट क्लाउडवर अपलोड झाले वाटतं.’ त्यावरही हसणारे चेहरे आले. मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, आणि धुराच्या जागी मला एक लहान मुलगी दिसायला लागली. नात त्याच्यावर कार्टून पाह्यते. आजोबा फोन उघडून बसले असतील तर ती कुठे बसली असेल? मांडीला खेटूनच की.

संध्याकाळी आईनं पोळी वाढली. मी तुकडा हातात धरून बसले होते.

‘काऊन वं, जेवून नाही राह्यली?’

‘भूक नाही.’

दुसऱ्या दिवशीही खूण आली नाही. सकाळचा सुप्रभातही आला नाही. एकानं लिहिलं, ‘आज गुलाब सुकला.’ मी दुकान उघडलं, पण बोटं चालत नव्हती. एका माणसाच्या आधारचा नंबर दोनदा चुकीचा टाकला. गल्लीत मोटरसायकल थांबली की वाटायचं, पोलीस आले. खोट्या नावामागचं माणूस शोधणं किती सोपं आहे, हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. सगळं पुसून टाकावं, खातं बंद करावं, असंही मनात आलं. बोट त्या बटणापर्यंत गेलंसुद्धा. पण ते दाबलं असतं तर काय झालं ते कधीच कळलं नसतं, आणि त्या न कळण्याची मला पोलिसांपेक्षा जास्त भीती वाटली.

मग मी आजोबांचे जुने निरोप एकेक करून पाहिले. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी टीव्हीच्या डब्याचा फोटो टाकला होता, लाल दिवा काऊन लागते म्हणून. मागच्या भिंतीवर एका किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं. फोटो मोठा केला. दुकानाच्या नावाखाली वाचता आलं, नांदुरा.

मला वाटत होतं तो माणूस कुठेतरी दूर आहे. तो माझ्याच जिल्ह्यात निघाला.

रात्री आईला सगळं सांगितलं. ग्रूप म्हणजे काय, हे तिला नीट कळलं नाही. टाचणीचं कळलं.

‘मंग जाय ना. पाहून ये.’

‘अन् काही झालं असन त?’

‘त मंग त जायलेच पाह्यजे.’

सकाळच्या गाडीनं बुलढाण्याला आणि तिथून मोताळ्यावरून नांदुऱ्याला निघाले. राजूर घाट उतरताना नेहमी मला बाहेर बघायला आवडतं. त्या दिवशी मी समोरच्या सीटचा दांडा धरून बसले होते. शेजारची बाई मोबाईलवर व्हिडिओ पाहत होती. तिच्या मोबाईलचं झाकण सरळ आहे ना, हे मी तीनदा वाकून पाहिलं.

नांदुऱ्यात दुकान सापडायला वेळ लागला नाही. दुकानदार डाळ मोजत होता. मी त्याला फोटो दाखवला आणि म्हटलं, ‘नातीसोबत राहणारे एक आजोबा आहेत. तुमचं कॅलेंडर आहे त्यांच्या घरी.’

त्यानं फोटोतली भिंत पाहिली, टीव्ही पाहिला. ‘हे त गुरुजीचं घर आहे. त्याहीच्या घरी परवा जाळ झाला ना.’

‘कोणाला लागलं?’ मी विचारलं.

‘गुरुजीले दवाखान्यात नेलं म्हणतात. बाकी मले माहीत नाही, मी गावाले गेलतो.’ त्यानं डाळीची पुडी बांधली. ‘त्या नीमाच्या झाडापाशी वळा. तिसरं घर.’

दुकानापासून कडुनिंबापर्यंत शंभर पावलं असतील. एक मन म्हणत होतं, आत्ता मागं फिरलीस तर दुपारच्या गाडीनं घरी जाशील, कोणाला काही कळणार नाही. तिसऱ्या घराच्या अंगणात अर्धी जळालेली गादी भिंतीला टेकवून ठेवली होती. कापूस काळा पडलेला. शेजारी लहान मुलीची एक चप्पल पडली होती. एकच. मी त्या चपलेकडे बघत उभी राहिले.

आतून तिशीतली एक बाई आली. ‘कोण पाह्यजे?’

मी चपलेकडे बोट दाखवून कशीबशी म्हणाले, ‘मुलगी... मुलगी बरी आहे ना?’

ती चमकली. ‘हाव, बरी आहे. शाळेत गेली. तुम्ही कोण?’

मी तिथंच पायरीवर बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं. बाई गोंधळली. आतून आवाज आला, ‘कोण आलं व? आत बोलाव.’

गुरुजी खाटेवर बसले होते. पांढरा सदरा, साठी-सत्तरीचं वय, उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळे चेहरा सारखा आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होता. मी ग्रूपचं नाव सांगितलं तसे ते खूश झाले.

‘ग्रूपवाले सर लोक लय हुशार आहेत. तुम्ही त्या पेंग्विनवाल्या सरांच्या कोण?’

‘मीच ते सर,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग जे बोलले ते मी अपेक्षिलं नव्हतं. ‘माह्यंच चुकलं पाहा, मॅडम. तुम्ही बारीक भोक सांगतलं होतं. माह्या हातानं मोठं पडलं असन.’

त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं. ती गंमत होती, कोणीच खरं करू नये असा तो सल्ला होता, आम्ही रोज त्यांच्यावर हसत होतो, हेही. गुरुजींची सून दारात उभी होती.

तिनं मला सांगितलं काय झालं होतं ते. गुरुजी गादीवर बसून टाचणी लावत होते. पोरगी मांडीपाशीच होती. बारीक दिसत नाही म्हणून त्यांनी तिला चष्मा आणायला आतल्या खोलीत पाठवलं. ती आत चष्मा शोधत होती, तोवर यांनी अंदाजानं टाचणी टोचली आणि धूर झाला. गादीनं पेट घेतला. पोरगी आत अडकू नये म्हणून त्यांनी जळता मोबाईल हातानं उचलून अंगणात फेकला.

‘तिले चष्मा लवकर सापडला असता त?’ सून म्हणाली. मग मला विचारलं, ‘लिहिताना हसू आलं होतं काय तुम्हाले?’

‘हो.’

‘मंग निंघा आता.’

‘अवं, उन्हाचं आली ते,’ गुरुजी म्हणाले. ‘पाणी त दे.’

तिनं पाणी दिलं. मी प्याले आणि निघाले. तिचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

परतीच्या गाडीत मी ग्रूपवर माझ्या खऱ्या नावानं सगळं लिहिलं. मी बाई आहे, चिखलीची आहे, मी काय लिहिलं आणि त्यामुळे काय झालं. पहिलं उत्तर आलं, ‘पटकथा बरी आहे, शेवट कमजोर.’ मग बॅटरी खरंच तशी पेटते की नाही यावर दोघांत जुंपली. एकानं माझ्याकडे जळलेल्या फोनचा पुरावा मागितला. फक्त एका माणसानं वेगळा निरोप पाठवला. ‘कितवा महिना, हे मी लिहिलं होतं. ते कसे आहेत?’ मी त्याला कळवलं. पुढे त्यानं काही विचारलं नाही.

मी ग्रूप सोडला नाही, पण टोमणा मारणं सोडलं. आता कोणी भोळा प्रश्न टाकला की मी लगेच सरळ उत्तर लिहिते, दुसरं कोणी काही लिहायच्या आत. लोक म्हणतात, सरांची ताई झाली आणि मजा गेली. म्हणोत. माझं उत्तर वाचून कोणी ‘करून पाहतो’ लिहिलं की अजूनही मी लिहिलेलं पुन्हा वाचते, आणि त्या माणसाचं ‘झालं’ येईपर्यंत गिऱ्हाइकाचा फॉर्म हातात घेववत नाही.

दिवाळीनंतर मी पुन्हा नांदुऱ्याला गेले. हाताची पट्टी निघाली होती, पण दोन बोटं पूर्ण उघडत नव्हती. गुरुजी डाव्या हातानं पाटीवर अक्षरं गिरवायला शिकत होते आणि नात त्यांच्या चुका काढत होती. सून माझ्याशी बोलली नाही, चहा मात्र ठेवला.

चहा पिताना माझा मोबाईल वाजला. नात हातातली पाटी टाकून पळाली आणि दाराआड जाऊन उभी राहिली. मी मोबाईल बंद केला. तरी ती येईना. गुरुजींनी हाक मारली, तरी येईना.

‘मोबाईल वाजला का असंच करते ते,’ गुरुजी म्हणाले.

मी मोबाईल नेऊन अंगणाबाहेर, फाटकाजवळच्या दगडावर ठेवला. परत येऊन दाराशी बसले आणि तिला म्हटलं, ‘पाहा, बाहेर ठेवला.’ तिनं दाराआडून डोकं काढून आधी दगडाकडे पाहिलं, मग माझ्या दोन्ही हातांकडे. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, पण आजोबांच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.