लिफ्ट बंद आहे, हे कोणी सांगायचं?

लिफ्टमध्ये माणूस अडकला की पहिला फोन ताईंना लागतो. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात, दाराशेजारच्या टेबलावर बसून त्या बावीस वर्षं फोन घेताहेत. वय एकावन्न, शिक्षण बारावी. या काळात इथे रुजू झालेल्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला बोलायला त्यांनीच शिकवलं. हे काम त्यांना कोणी नेमून दिलेलं नाही.

कारण साधं आहे. इंजिनिअर साइटवरून जे कळवतो, तेच ताईंना गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. त्यामुळे "टेक्निकल प्रॉब्लेम आहे" एवढ्यावर त्या कोणाला फोन ठेवू देत नाहीत.

"म्हणजे काय झालंय?"

"दाराचा सेन्सर गेलाय, ताई."

"मग चौथ्या मजल्यावरच्या आजींनी जिना चढायचा की खाली बसून राहायचं?"

"थांबा म्हणावं. बघतो मी."

"बघतो म्हणजे किती वाजता?"

मेकॅनिक मंडळी याला उलटतपासणी म्हणतात. त्यातून तावून सुलाखून निघालेले दोन इंजिनिअर आज दोन शाखांचे प्रमुख आहेत.

गेल्या वर्षी आलेला एक मुलगा मात्र या उलटतपासणीतही तोंड उघडेना. मोटरच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा, पण विचारलं तर "हो", "नाही" आणि "झालं" यापलीकडे गाडी जात नसे. मेकॅनिकांनी त्याचं नाव 'म्यूट' ठेवलं. सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलं तेव्हा साहेब ताईंना म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण माणसांसमोर उभा करता येत नाही. महिनाअखेरीला नारळ देऊ."

ताईंनी ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. "एकोणीस दिवस आहेत तुझ्याकडे."

"मला कोणी काही बोललं नाही," तो म्हणाला.

"न बोलण्याचा मक्ता काय तुझ्या एकट्याकडे आहे?"

त्या दिवसापासून संध्याकाळी साडेपाचला तो ताईंशेजारी खुर्ची टाकून बसू लागला. दिवसभरातला बिघाड त्याने सांगायचा, ताईंनी गिऱ्हाईक होऊन भांडायचं. आठव्या दिवशी त्यांनी खराखुरा फोन त्याच्या हातात दिला. पलीकडचा माणूस तोंडाला येईल ते बोलत होता. म्यूटने रिसीव्हर कानापासून लांब धरला.

"तो लिफ्टवर चिडलाय, तुझ्यावर नाही," ताई हळूच म्हणाल्या. "आधी ऐकून घे. मग आपला माणूस कधी येईल ते सांग, आणि तेवढंच सांग."

बाराव्या दिवशी एका नऊ मजली इमारतीत नेहमीची तपासणी करताना त्याला लिफ्टच्या पाच पोलादी दोरांपैकी एकात अकरा तारा तुटलेल्या दिसल्या. त्याने लिफ्ट जागच्या जागी बंद केली आणि ताईंना फोन लावला. "ताई, इथे सगळे जमलेत. तुम्ही सांगा ना यांना."

"मी का सांगू? दोर मी पाहिलाय का? फोन चालू ठेव. मी ऐकते. बोल तू."

सातव्या मजल्यावरच्या एक बाई सगळ्यात पुढे होत्या. त्यांच्या नवऱ्याला दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागे. "लिफ्ट बंद म्हणजे? त्यांना काय खिडकीतून खाली सोडू?"

थोडा वेळ ताईंना फोनवर नुसता गलका ऐकू आला. मग त्याचा आवाज आला. "चार दोर धड आहेत. आज बहुधा काही होणार नाही. पण बहुधाच्या भरवशावर मी माझ्या आईला या लिफ्टमध्ये पाठवणार नाही. पाचही दोर बदलतो. परवा संध्याकाळी सहाला लिफ्ट चालू होईल. काकांना कधी न्यायचंय?"

"उद्या सकाळी आठला."

"साडेसातला आम्ही दोघं खुर्ची घेऊन येतो. मामा, तुम्ही आणि मी."

मामा म्हणजे त्याच्यासोबतचे मेकॅनिक, नोकरीची तीस वर्षं झालेले. "मी मेकॅनिक आहे, हमाल नाही."

"माहितेय मला. खालची बाजू, म्हणजे वजनाची, मी धरतो. तुम्ही फक्त पाठ सांभाळा."

"अरे वा!" मामा म्हणाले. "म्यूटला कंठ फुटला. येतो बाबा."

दुसऱ्या दिवशी दोघांनी काकांना सात मजले उतरवलं आणि दुपारी परत चढवलं. तिसऱ्या दिवशी जुने दोर काढल्यावर कळलं की ज्या पुलीवरून ते फिरतात तिच्या खाचाही झिजल्या आहेत. नवे दोर तिच्यावर टिकले नसते. नवी पुली गोदामातून दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. सहाचा वायदा हुकला.

अशा वेळी बहुतेक इंजिनिअर सहा वाजायची वाट पाहतात. सहाला लोकांचे फोन ताईंना येतात आणि शिव्याही त्याच खातात. म्यूट दुपारी दोनलाच जिना चढायला लागला. नऊ मजले, अठरा दारं. प्रत्येक दारात उभं राहून त्याने सांगितलं की लिफ्ट आज नाही, उद्या अकराला सुरू होईल.

सातव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही सहा म्हणाला होतात."

"हो. चूक माझी आहे. वेळ देण्याआधी पुलीच्या खाचा मोजायला हव्या होत्या, मी मोजल्या नाहीत. उद्या साडेसातला आम्ही पुन्हा येतो."

त्या संध्याकाळी ताई साडेसातपर्यंत ऑफिसात थांबल्या. त्या इमारतीतून एकही फोन आला नाही. साहेब घरी निघताना म्हणाले, "नऊ मजलीवाले गप्प आहेत. झाली वाटतं लिफ्ट सुरू?"

"नाही. उद्या अकराला होईल."

"आणि फोन नाही?"

"त्याने दारोदार जाऊन सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः इमारतीत गेले. दहा चाळीसला लिफ्ट सुरू झाली. साहेबांनी मामांना बाजूला घेऊन विचारलं, याच्या हाताखाली काम कराल का.

"मोजकं बोलतो," मामा म्हणाले, "पण स्वतःची चूक आमच्या माथी मारत नाही. करीन की."

महिनाअखेरीला म्यूटला कायम केल्याचं पत्र मिळालं. मामांसह चार मेकॅनिकांची तुकडी त्याच्याकडे आली. पत्र घेऊन तो ताईंच्या टेबलापाशी आला.

"घरी कळवलंस?" ताईंनी विचारलं.

"संध्याकाळी गेल्यावर सांगेन."

"आत्ता सांग," म्हणत ताईंनी फोन त्याच्यापुढे सरकवला.